चाकोरीबाहेरचे वाहन

'चाकोरी' हा आपल्या भाषेतील मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. बैलगाड्यांची चाके वर्षानुवर्षे एकाच वाटेने गेली म्हणजे भुईत जे दोन खोल चर पडतात ती चाकोरी. तिच्यात गाडी एकदा उतरली की गाडीवानाने डुलकी घेतली तरी चालते. बैल आणि चर मिळून मुक्काम गाठून देतात. म्हणूनच की काय, ठराविक मार्गाने कंठलेल्या आयुष्यालाही आपण चाकोरीतले आयुष्य म्हणतो, आणि ते शब्द उच्चारताना आपल्या सुरात थोडी तुच्छता असते. चाकोरी सोडा, असा उपदेश तरुणांस करणारे बहुधा आमच्यासारखे खुर्चीवर बसणारे लोक असतात. परंतु अलीकडे असा एक वर्ग निर्माण झाला आहे की, ज्याने हा उपदेश अक्षरशः मनावर घेतला आहे. डांबरी रस्ता सोडून माळ, ओढे, चिखल आणि कातळ ह्यांतून मोटार हाकणे हाच त्याचा छंद. अशा प्रवासास 'ऑफ-रोडिंग' असे म्हणतात, आणि त्यासाठी मूळची मोटार पुरेशी वाटत नाही म्हणून तिला वर उचलून घेण्याची विद्याही आता आपल्याकडे येऊन पोहोचली आहे.

ह्या विद्येत मुख्य शब्द दोन : 'लिफ्ट' आणि 'टायर'. पहिला शब्द पूर्वी आम्हांस मुंबईच्या इमारतींतील पाळण्यापुरताच ठाऊक होता. येथे त्याचा अर्थ असा की, गाडीच्या स्प्रिंगा बदलून अगर त्यांखाली ठोकळे घालून तिचे धड चाकांपासून दोन, तीन किंवा चार इंच वर न्यायचे. दुसऱ्याचा अर्थ, कंपनीने दिलेल्या टायरांहून मोठे व दणकट खाचांचे टायर चढवायचे. ह्या दोन गोष्टी झाल्या म्हणजे गाडी दिसते मोठी रुबाबदार. सिग्नलपाशी ती शेजारी येऊन उभी राहिली की आमच्यासारख्याच्या लहान मोटारीत बसलेल्याला गजराजाच्या पायाशी बसल्यासारखे वाटते.

आम्ही हा सारा प्रकार दुरून व काहीशा कौतुकाने पाहत होतो. परंतु गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरात शिरला, आणि तोही छंद म्हणून नव्हे. ताम्हिणी घाट उतरून माणगावच्या बाजूस गेले म्हणजे आमच्या मूळ गावाची वाट लागते. हमरस्ता सोडल्यावर वाडीपर्यंतचे सुमारे दोन किलोमीटर अद्याप कच्चे आहेत. जांभ्याचा कातळ, त्यावर पावसाळ्यात धरणारे शेवाळ, मध्ये एक वहाळ, आणि शेवटी लाल चिखलाची चढण. त्या घरी आमची ब्याऐंशी वर्षांची आत्या राहते. परवाच्या आषाढात तिला एकाएकी धाप लागली, तेव्हा वाडीतल्या चौघांनी डोली करून तिला सडकेपर्यंत आणले. पाऊस मुसळधार, वहाळाला कमरेइतके पाणी, आणि डोलीत आमची आत्या, 'अरे, माझ्यापायी तुम्ही पडाल' असे म्हणत. ती वाचली, परंतु त्या दिवसापासून घरात एक गाडी हवी हे सर्वांस पटले. आमचा पुतण्या शहरातील नोकरी सोडून काजू व आंब्याची बाग पाहण्यास गावी राहू लागला होता. त्याने एक वापरलेली 'थार' घेतली. २०२० साली बाजारात आलेल्या नव्या घडणीपैकी ती होती, आणि चारही चाकांस जोर पोहोचविणारी होती. टायर झिजले होते, मागल्या स्प्रिंगा थकल्या होत्या. त्या बदलावयाच्याच होत्या. तेव्हा पुतण्याने प्रस्ताव मांडला : "काका, बदलायचेच आहे तर चार इंचांची लिफ्ट आणि तेहतीस इंची टायर घालू या. म्हणजे कायमची काळजी मिटेल." खर्चाचा निम्मा भार आमच्यावर यावयाचा होता, म्हणून आमचे मत विचारले गेले.

मत देण्यापूर्वी विषय समजून घ्यावा ही अध्यापनाच्या धंद्यातील जुनी खोड आहे. तिला अनुसरून आम्ही प्रथम ह्या जातीच्या वाहनाचे कुळ शोधले. १९४० साली अमेरिकन सैन्याला एक हलके, चारही चाके ओढणारे वाहन हवे होते. बॅन्टम नावाच्या एका लहानशा कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत त्याचा पहिला नमुना करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड ह्या कारखान्यांनी युद्धकाळात अशी सहा लाखांहून अधिक वाहने बांधली. तीच जीप. आपल्या देशात १९४५ साली स्थापन झालेल्या 'महिंद्र आणि महंमद' ह्या कंपनीने, जिचे नाव १९४८ साली 'महिंद्र आणि महिंद्र' असे झाले, १९४७ साली विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. आजची थार ही त्या वंशवेलीवरचीच. ह्या इतिहासातील एक गोष्ट आम्हांस मोठी मार्मिक वाटली. ज्या जीपने युद्धात वाळवंट, चिखल आणि डोंगर पालथे घातले, तिच्या पोटाखालील मोकळी जागा होती अवघी सुमारे पावणेनऊ इंच, आणि तिचे टायर होते अरुंद, केवळ सहा इंच रुंदीचे. नव्या थारची हीच मोकळी जागा कंपनीने २२६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ इंच, सांगितली होती. तात्पर्य, ऐंशी वर्षांत हे माप फारसे हलले नाही. ह्याचा अर्थ ते वाढविणे कोणास सुचले नाही असा नसून, ते वाढविण्याची किंमत बांधणाऱ्यांस ठाऊक होती असाच केला पाहिजे.

ती किंमत कोणती, हे समजण्यासाठी गाडीखाली वाकून पाहिले पाहिजे. आम्ही ओळखीच्या गॅरेजातील वृद्ध मिस्त्रींच्या कृपेने तसे पाहिले. थारच्या मागील दोन चाकांना जोडणारा एक भरीव आडवा एक्सल असतो, आणि त्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा गोळा. वाटेतला धोंडा बहुतेक वेळी ह्या गोळ्याला लागतो. आता गंमत अशी की, लिफ्टने गाडीचे धड उचलले जाते, पण एक्सल काही उचलला जात नाही. तो चाकांना जोडलेला, आणि चाके जमिनीवर. त्यामुळे चार इंचांच्या लिफ्टने तो गोळा एका रेघेनेही वर जात नाही. तो वर न्यावयाचा तर टायरच मोठे हवेत. आणि टायरने तरी किती? मूळचा २५५/६५ आर १८ ह्या मापाचा टायर सुमारे ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच उंच असतो. तेहतीस इंची टायर घातला तर व्यासात दोन इंचांची भर पडते, आणि गोळा त्याच्या निम्म्याने, म्हणजे एका इंचाने वर येतो. "सगळा खटाटोप ह्या एका इंचासाठी, मास्तर," असे म्हणून मिस्त्रींनी आपल्या अंगठ्याचे पेर आम्हांस दाखविले.

मग लिफ्ट कशासाठी? तर मोठा टायर वळताना अगर खड्ड्यात दबताना मडगार्डला घासू नये म्हणून. शिवाय धडाचा पुढचा-मागचा ओठ आणि मधले पोट वर गेल्याने तीव्र चढाच्या तोंडाशी गाडी टेकत नाही, हाही लाभ खराच. म्हणजे योग्य क्रम असा : प्रथम वाट पाहावी, वाटेवरून टायर ठरवावा, आणि टायरवरून, लागलीच तर, उंची ठरवावी. प्रत्यक्षात बहुतेक जण ह्याच्या उलट जातात. प्रथम उंची मनात भरते, मग तिला शोभतील असे टायर येतात, आणि शेवटी त्या दोहोंस साजेल अशी वाट शोधीत रविवारी बाहेर पडावे लागते.

एका इंचाचे मोल काय पडते तेही पाहण्यासारखे आहे. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर तोडते. परंतु वेग दाखविणारा काटा जुन्याच चाकाचा हिशेब करीत राहतो. काटा ६० दाखवितो तेव्हा गाडी जवळजवळ ६४ ने धावत असते. इंजिनाचा जोर तोच, पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे रस्त्यावर पोहोचणारे बल सुमारे सहा टक्क्यांनी घटते; घाट चढताना ते जाणवते, आणि उतरताना तीच तूट ब्रेकच्या वाट्याला येते. पुढल्या चाकांचे सांधे ठराविक कोनात फिरण्यासाठी घडविलेले असतात. धड वर गेले की ते सांधे कायमचे वाकलेल्या अवस्थेत फिरू लागतात, आणि लौकर झिजतात.

ह्याहून गंभीर गोष्ट तोलाची. गाडी कोणत्या वळणावर उलटेल ह्याचा ढोबळ अंदाज एका साध्या गुणोत्तराने बांधता येतो : डाव्या-उजव्या चाकांमधील अंतरास गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागावे. अमेरिकेतील सरकारी रस्ते-सुरक्षा खाते गाड्यांची प्रतवारी करताना हेच गुणोत्तर वापरते. समजा, चाकांतील अंतर ६० इंच आणि गुरुत्वमध्य २८ इंचांवर आहे. तर उत्तर येते १.०७. तोच मध्य चार इंच वर नेला की ते ०.९४ होते. आकडा लहान दिसतो. परंतु ताम्हिणीच्या एखाद्या वळणावर, पावसात, समोरून अचानक एस. टी. आली असता ह्या लहान आकड्यात घरातील माणसे बसलेली असतात, हे विसरता येत नाही.

टायरच्या खाचांचेही एक शास्त्र आहे. डांबरी रस्त्यासाठी बारीक खाचांचा, चिखलासाठी मोठ्या रुंद ठोकळ्यांचा, आणि दोहोंच्या मधला सर्व वाटांसाठी, असे त्याचे तीन ठोकळ वर्ग. चिखलाचा टायर चिखल कापतो व स्वतःच्या फिरण्याने तो झाडून टाकतो. परंतु ओल्या डांबरावर त्याचे थोडेच रबर रस्त्याला टेकते, म्हणून तेथे तो कमी धरतो, आणि आवाज तर एवढा करतो की आत बसून गोष्टी करणे अशक्य. शिवाय ज्या उपायाला दिडकीही पडत नाही तो पुष्कळांस ठाऊक नसतो. रस्त्यावर तिशीच्या आसपास असलेली टायरमधील हवा चिखलात विशीपर्यंत उतरवली की टायर पसरतो, त्याचा भुईवरचा ठसा लांब होतो, आणि रुतणारी गाडी चालू लागते. मात्र जांभ्याच्या धारदार कडांवर मऊ टायरची कूस फाटण्याची भीती असते, आणि सडकेला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी लागते. त्यासाठी एक लहान पंप जवळ असला म्हणजे झाले.

कायद्याची बाजूही पाहणे अवश्य होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील कारखान्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी जुळणार नाहीत असा फेरबदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात ह्या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा फेरबदलास दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अगर दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. दंड एक वेळ भरता येईल; परंतु अपघातानंतर विमा कंपनीने ह्या फेरबदलाकडे बोट दाखविले तर कोणाच्या तोंडाकडे पाहावयाचे?

हे सर्व आम्ही पुतण्यापुढे मांडले. तो इंजिनिअर नसला तरी मूर्खही नाही. त्याने ऐकून घेतले आणि म्हटले, "काका, तुमचे गणित बरोबर आहे, पण तुमची वाट कागदावर आहे. ती दर पावसात नवी होते. आज नऊ इंचांचा उंचवटा, उद्या बाराचा. त्या वेळी तो एक इंचच आजीला घेऊन जाईल." ह्या बोलण्यात तथ्य होते, हे आम्ही मान्य करतो. उंचीची हाव केवळ मिरवण्यासाठी नसते. पुष्कळदा ती भयातून जन्मते. ज्याने आपल्या माणसाला वहाळातून डोलीत जाताना पाहिले आहे, त्याला पुरेसे म्हणून काही वाटतच नाही. हातात असेल तेवढी उंची, असेल तेवढे बळ त्याला गाठीस बांधावेसे वाटते. आम्हां पुस्तकी लोकांस हे भय ऐकून ठाऊक. त्याला ते पायाखालून ठाऊक होते.

म्हणून वाद थांबवून आम्ही वाट मोजावयास गेलो. पुतण्या, मिस्त्री आणि आम्ही असे तिघे, हाती मोजपट्टी व एक काठी. दोन किलोमीटरांत खरी अडचणीची स्थळे निघाली तीन. एका ठिकाणी ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांमधला उंचवटा साडेनऊ इंच भरला. तेथे गोळा लागणार हे निश्चित. दुसऱ्या ठिकाणी वळणावर एक निसटता कातळ, जेथे उंचीचा नव्हे तर टायरच्या पकडीचा प्रश्न. तिसरा वहाळ. कंपनी म्हणते की ६५० मिलिमीटर पाण्यातून ही गाडी जाते. परंतु आषाढात वहाळ जेव्हा कमरेइतका वाहतो तेव्हा त्या ओढीपुढे चार इंच अधिक उंच गाडीही तितकीच असहाय. मिस्त्री काठी टेकून म्हणाले, "पहिल्याला टिकाव, दुसऱ्याला टायर, आणि तिसऱ्याला धीर. ह्यांत लिफ्ट कुठे बसते, सांगा." पुतण्या काही बोलला नाही, पण उंचवट्यापाशी पुन्हा एकदा वाकून त्याने स्वतः माप घेतले.

घरी आत्या ओट्यावर बसली होती. गाडी अंगणात उभी. तिला सर्व हकीकत सांगितली तेव्हा तिने गाडीच्या दाराकडे पाहिले, आपल्या गुडघ्यांकडे पाहिले, आणि म्हणाली, "आणखी उंच करणार? अरे, नवरदेवालाही घोड्यावर चढायला चौरंग लागतो. मला काय शिडी लावणार आहात?" आम्ही तिघांनी गाडीची मोजमापे किती प्रकारे घेतली होती! पण जिच्यासाठी गाडी घेतली तिचे पाऊल किती वर उचलते, हे माप कोणीच घेतले नव्हते. पुतण्याने लगेच ते घेतले. ते निघाले दहा इंच.

त्यानंतर निर्णयास वेळ लागला नाही. टायर मूळ मापाचेच, पण सर्व वाटांसाठी असलेल्या दणकट खाचांचे घेतले. मागल्या स्प्रिंगा व शॉकॲब्सॉर्बर मूळ उंचीचेच, पण नवे बसविले. थकलेल्या स्प्रिंगांनी जी उंची गमावली होती ती त्यानेच परत आली. दाराखाली एक पायरी आणि आत धरावयास मूठ लावली. गाडीत एक जाड दोर, फावडे, टिकाव आणि हवेचा पंप कायमचा ठेवला. उरलेल्या पैशांतून वाडीने मिरगापूर्वी दोन दिवस श्रमदान करून चाकोऱ्या जांभ्याच्या कपच्यांनी भरल्या आणि मधला उंचवटा छाटला. हे काम दर वर्षी करावे लागेल, हे पुतण्याने सर्वांकडून कबूल करून घेतले. त्याचे म्हणणे रास्त होते; वाट दर पावसात नवी होते, तर तिची डागडुजीही दर वर्षीचीच असली पाहिजे. ह्या डागडुजीचा एक लाभ असा की, तिने केवळ आमची एक गाडी नव्हे, तर वाडीतल्या रिक्षाही आता मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत वर येतात.

ह्या श्रावणात आत्यास तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे न्यावयाचे होते. वहाळ चढलेला होता. पुतण्याने गाडी काठाशी उभी केली, काठी पाण्यात रोवून तिच्यावर खूण केली, आणि तो दोन तास थांबला. खुणेखाली पाणी उतरल्यावर त्याने हळूहळू, पहिल्या गिअरमध्ये, गाडी पलीकडे नेली. त्या दोन तासांत त्याच्या मनात काय चालले असेल ते आम्ही विचारले नाही. सडकेला लागल्यावर त्याने टायरांत पुन्हा हवा भरली, एवढे मात्र त्याने आवर्जून कळविले.

आम्हांस ह्या साऱ्यातून जे वाटते ते असे. साधनाची निवड करताना माणूस बहुधा साधनाकडेच टक लावून पाहतो. कोणते उंच, कोणते रुंद, कोणते इतरांपाशी नाही, ह्या प्रश्नांना उत्तरे लगेच मिळतात, कारण ती विक्रेत्यापाशी तयारच असतात. कोणत्या वाटेने जावयाचे, कोणाला घेऊन जावयाचे, आणि कोठे थांबावयाचे, ह्यांची उत्तरे मात्र विक्रेत्यापाशी नसतात. त्यासाठी पायी जाऊन, वाकून, मोजपट्टी धरावी लागते. कातळाळ मुलखात ज्यांस खरोखरच चार इंच अधिक लागतात असे लोक आहेत. त्यांनी परवानगीची व तोलाची सर्व व्यवस्था करून ते अवश्य घ्यावेत. परंतु मोजल्यावाचून घेतलेली उंची हे भयावरचे औषध नव्हे. ते भयालाच चार इंच वर चढवून बसविणे होय, आणि तेथून ते खाली उतरविणे मोठे कठीण जाते.